भातशेतीसाठी जुना पॉवर टिलर: पहिल्यांदाच यंत्र घेणाऱ्यांनी काय तपासावे

कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुककडे आत शिरले की आंदर मावळातील भातखाचरे दिसू लागतात. खाचरे लहान, उतारावर टप्प्याटप्प्याने उतरलेली आणि बांध उंच. मोठा ट्रॅक्टर अशा खाचरात उतरवता येत नाही, उतरवला तर वळवता येत नाही. बैलजोडी ठेवणारी घरे दरवर्षी कमी होत आहेत. त्यामुळे चिखलणीसाठी पॉवर टिलरची मागणी वाढली आहे. नवा टिलर परवडत नाही म्हणून जुना शोधणारे शेतकरीही बरेच आहेत. यातील बहुतेकांच्या घरात याआधी इंजिनाचे कोणतेच शेतीयंत्र नसते.

व्यवहार चुकला तर पैशांचे नुकसान होतेच, पण मावळात त्याहून मोठे नुकसान हंगामाचे असते. भाताची रोपे २१ ते २५ दिवसांची असताना लावणी व्हायला हवी. जुलैत ऐन पावसात टिलर बंद पडला आणि सुट्या भागासाठी आठ-दहा दिवस गेले, तर रोपे जून होतात, फुटवे कमी येतात आणि त्याची भरपाई नंतर खत देऊन होत नाही. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये प्रसारित झालेला इंद्रायणी असो किंवा दुसरा कोणताही वाण, हा नियम सारखाच लागू आहे.

यंत्र हवे आहे का, आणि कोणते

बाजारात ‘टिलर’ या एकाच नावाखाली दोन वेगळी यंत्रे विकली जातात. पहिला पॉवर वीडर. हा पेट्रोल किंवा लहान डिझेल इंजिनावर चालतो, वजनाला हलका असतो, भाजीपाला आणि फळबागेतील आंतरमशागतीला उत्तम. खोल चिखलात मात्र तो दमतो. दुसरा खरा पॉवर टिलर. आडव्या एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचा, १२ ते १५ अश्वशक्तीचा, चार क्विंटलच्या आसपास किंवा त्याहून जड. भातखाचराच्या चिखलणीला हाच लागतो. जाहिरातीत नुसते ‘टिलर’ लिहिलेले असेल तर जाण्यापूर्वी अश्वशक्ती आणि वजन विचारून घ्यावे, म्हणजे फेरा वाया जाणार नाही.

स्वतःचे भात एक-दीड एकरच असेल आणि भाड्याने कामे करण्याचा विचार नसेल, तर यंत्र घेऊ नये. रोटरीची रुंदी साधारण दोन फूट धरली तर एका पाळीला एकरी ४ ते ६ तास लागतात. म्हणजे दीड एकराचे वर्षाचे काम तीन-चार दिवसांचे. त्यासाठी उरलेले वर्ष यंत्र सांभाळण्यापेक्षा भाड्याचा टिलर किंवा चार घरांनी मिळून घेतलेला टिलर बरा. गटाने घेतल्यास चालवणारा मात्र एकच ठरवावा. सगळ्यांच्या हातचे यंत्र लवकर खिळखिळे होते.

लोणावळा, कामशेत, पवना या पट्ट्यात अलीकडे आणखी एक विचारणा होते. पर्यटकांना फिरवण्यासाठी आणलेल्या चारचाकी एटीव्ही काही वर्षांनी विक्रीला निघतात. त्या शेतात चालतील का? गवताचे भारे किंवा फवारणीची टाकी आतल्या वाटेने नेण्यापुरता त्यांचा उपयोग होऊ शकतो. मात्र रोटरी फिरवण्यासाठी लागणारा शक्तीचा दांडा त्यांना नसतो, बहुतेकांची रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदणी होत नाही आणि उतारावर त्या उलटण्याचा धोका मोठा असतो. ऑस्ट्रेलियात शेतांवर अशा गाड्या उलटून इतके मृत्यू झाले, की ऑक्टोबर २०२१ पासून तेथे नव्या कामाच्या गाडीला चालकाच्या बचावाचा सांगाडा सक्तीचा आहे. मावळच्या बांधांवर, ज्याने आधी असे यंत्र चालवलेले नाही त्याने, भाडे मारून झिजलेली एटीव्ही शेतीसाठी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी नव्याचा हिशेब करा

केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून नव्या पॉवर टिलरला अनुदान मिळते. अल्प व अत्यल्प भूधारक, महिला, अनुसूचित जाती व जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्के आणि इतरांना ४० टक्के, दोन्हींना कमाल रकमेची मर्यादा. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर करायचा असतो आणि पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करायची असते. जुन्या यंत्राला अनुदान नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मशागतीच्या यंत्रांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या नव्या किमतीवर बेतलेला जुन्याचा भाव आज जास्त ठरतो.

उदाहरणापुरते समजा, नव्याची किंमत २ लाख आणि हाती येणारे अनुदान ८० हजार. शेतकऱ्याच्या खिशातून गेले १ लाख २० हजार. जुना ९० हजारांना ठरला आणि त्यावर पहिल्याच वर्षी २५ हजारांचे काम निघाले, तर खर्च १ लाख १५ हजार. पाच हजारांसाठी वॉरंटी सोडणे शहाणपणाचे नाही. अनुदान खात्यात नंतर जमा होते आणि सुरुवातीला पूर्ण रक्कम उभी करावी लागते, ही अडचण खरी आहे. ज्यांना ती रक्कम उभी करणे शक्य नाही किंवा निवड यादीत नाव येईपर्यंत थांबता येत नाही, त्यांच्यासाठी जुना टिलर हा योग्य पर्याय ठरतो. पण आकडे कागदावर मांडल्याशिवाय हे ठरवू नये.

तपासणी: इंजिनापेक्षा चिखल कुठे शिरला ते पाहा

जुना टिलर पाहायला गेलेला माणूस बहुतेक वेळा इंजिनाचा आवाज ऐकतो आणि रंग पाहतो. भातशेतीतल्या टिलरमध्ये इंजिन हा तुलनेने दणकट भाग असतो. एक सिलिंडरचे इंजिन तालुक्याच्या ठिकाणी कोणीही मेकॅनिक उघडू शकतो. रिंग, लायनर, बेअरिंग सहज मिळतात. यंत्र खऱ्या अर्थाने झिजते ते खाली, चिखलात बुडणाऱ्या भागात. तेथे चाकांचा ॲक्सल आणि रोटरीचा शाफ्ट रबरी ऑइल सीलच्या भरवशावर फिरत असतात. सील कडक झाले किंवा त्यात गवत-दोरा गुंडाळून ते कापले गेले, की चिखलपाणी गिअरच्या तेलात शिरते. तेलाचे दूध होते, बेअरिंगला गंज चढतो आणि गिअर, चेन खाल्ले जातात. ही दुरुस्ती पेटी उघडल्याशिवाय होत नाही आणि खर्चही वरच्या कामापेक्षा मोठा असतो.

म्हणून पहिली तपासणी तेलाची. यंत्र रात्रभर सपाट जागी उभे ठेवायला सांगावे आणि सकाळी, चालू करण्यापूर्वी, गिअर पेटीखालचा तेल सोडण्याचा बोल्ट थोडासा सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसलेले असते आणि आधी तेच बाहेर येते. पाण्याचे थेंब किंवा दुधाळ तेल आले, तर सील गेलेले आहे. रोटरीकडे शक्ती नेणारी चेन किंवा गिअरची पेटी वेगळी असेल तर तिचेही असेच पाहावे. बाहेर आलेले तेल दोन बोटांत चोळावे. धातूचा चुरा हाताला लागला तर झीज आत पोहोचलेली आहे.

तेल अगदी नवे, स्वच्छ निघाले तर खूश होऊ नये. आठ-दहा वर्षांच्या यंत्रात कालच भरलेले तेल असेल, तर ते का बदलले हे विचारावे. अशा वेळी एकच खात्रीचा उपाय आहे: तासभर पाण्याच्या खाचरात चालवून, नंतर यंत्र थंड झाल्यावर पुन्हा तेल पाहणे. विक्रेता यास तयार नसेल तर किंमत कितीही कमी असली तरी व्यवहार सोडून द्यावा.

चाके आणि रोटरी जमिनीवरून उचलून, खाली लाकडी ओंडके घालून पाहावीत. चाक वर-खाली हलवल्यावर ॲक्सल खडखडत असेल तर बेअरिंग गेले आहे. रोटरीचा शाफ्टही तसाच हलवून पाहावा. थोडा खुळखुळाट जुन्या यंत्रात असतोच. तो बोटाला जाणवण्याइतका आहे की डोळ्यांना दिसण्याइतका, हा फरक महत्त्वाचा. पाती झिजलेली असणे ही चिंतेची बाब नाही, ती बदलण्याचीच वस्तू आहे आणि भाव करताना त्यांचे पैसे कापता येतात. पाती ज्यात बसतात ते पकडणारे भाग आणि रोटरीच्या नळीवरचे वेल्डिंगचे ठिगळ मात्र नीट पाहावेत. दगडी खाचरात काम केलेल्या यंत्राची खूण तेथे सापडते.

त्यानंतर स्टिअरिंग क्लच. टिलरच्या दोन्ही हँडलखाली एकेक पट्टी असते. सपाट जागी कमी वेगात डावी पट्टी दाबली की डाव्या चाकाची शक्ती तुटून यंत्र डावीकडे वळले पाहिजे, सोडताच दोन्ही चाके पुन्हा जोडली गेली पाहिजेत. सोडल्यावर चाक उशिरा पकडत असेल, कटकट आवाज येत असेल, तर आतले दाते झिजलेले आहेत. ही तपासणी दोन्ही बाजूंनी चार-चार वेळा करावी. इंजिनाकडून शक्ती आणणारे व्ही-बेल्टही पाहावेत. त्यांतला एकच नवा आणि बाकीचे जुने असतील तर भार सारखा वाटला जात नाही. बेल्ट पूर्ण जोडीने बदलायचे असतात.

आता इंजिन. ते थंड असतानाच चालू करायला सांगावे. ‘तुम्ही येणार म्हणून चालू करून ठेवलं होतं’ असे कोणी म्हणाले तर तासभर चहा घ्यावा आणि ते थंड होऊ द्यावे. गरम इंजिन अर्ध्या फेऱ्यात चालू होते, थंड इंजिन खरी दाबक्षमता दाखवते. सुरुवातीचा पांढरट धूर थोड्या वेळात गेला पाहिजे. निळसर धूर सतत राहिला तर इंजिन तेल जाळते आहे. कामाचा भार आल्यावर काळा धूर आला तर आधी एअर क्लीनर आणि इंजेक्टर पाहावे, तो खर्च लहान आहे. तेल भरण्याचे झाकण काढल्यावर तेथून भकाभक वाफ येत असेल, किंवा थंड असताना रेडिएटरचे झाकण काढून इंजिन चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे उठत असतील, तर इंजिन उघडावे लागेल. तो खर्च भावातून वजा करावा.

टिलरला तास मोजणारे मीटर सहसा नसते. त्यामुळे ‘फक्त तीन हंगाम चाललंय’ हे वाक्य ऐकून घ्यावे, पण पडताळावे. स्वतःच्या दोन एकरांवर चाललेल्या टिलरचे तीन हंगाम आणि गावोगाव भाड्याने फिरलेल्या टिलरचे तीन हंगाम यांत मोठे अंतर आहे. हँडलची रबरी मूठ, गिअर दांड्याची गोळी, क्लचच्या पट्टीवरचा हाताने घासून चकाकलेला भाग हे पाहिले की अंदाज येतो. नवा रंग मारलेल्या यंत्रावर या खुणा पुसलेल्या असतात, म्हणून रंगाचे पैसे देऊ नयेत.

केव्हा घ्यावा

जूनमध्ये घेऊ नये. तेव्हा भाव चढलेले असतात, मेकॅनिक मोकळा नसतो आणि घाईत तपासणी होत नाही. डिसेंबर ते मार्चमध्ये भाव उतरतात, पण तेव्हा यंत्र धुऊन, पुसून ठेवलेले असते आणि चिखलात चालवून पाहायला खाचरात पाणी नसते. नदीकाठी पंप असेल तर एखादे खाचर भरून घेता येते.

माझ्या मते सर्वांत योग्य वेळ लावणी संपल्यावरची, म्हणजे ऑगस्ट. यंत्र नुकतेच चिखलातून वर आलेले असते, सील गळत असेल तर तेलाचे ओघळ चाकांच्या आतल्या बाजूला ताजे दिसतात आणि खाचरात चाचणीपुरते पाणी असते. ज्याला विकायचे आहे तोही पुढच्या हंगामापर्यंत ते सांभाळायला नाखूश असतो. शिवाय दुरुस्तीला पुढचे दहा महिने मिळतात. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि पूर्वेला वडगावकडे येईपर्यंत तो बराच उतरतो. त्यामुळे लावणी आटोपण्याची वेळ गावागणिक थोडी मागेपुढे होते, तेवढे पाहून जावे.

सुटे भाग आणि कागद

व्हीएसटी शक्ती, केरळ सरकारच्या मालकीची कॅम्को, किर्लोस्करचा मेगा टी ही नावे परिचित आहेत, म्हणून डोळे मिटून घेऊ नयेत आणि अपरिचित नाव दिसले म्हणून लगेच नाकारूही नये. पण सौदा करण्याआधी जवळच्या विक्रेत्याला फोन करून त्याच मॉडेलच्या तीन वस्तू मागाव्यात: ॲक्सलचे ऑइल सील, स्टिअरिंग क्लचचे भाग आणि रोटरीची चेन किंवा गिअर. दोन दिवसांत मिळतील असे उत्तर आले तर पुढे जावे. आयात केलेल्या स्वस्त टिलरबाबत हे फार महत्त्वाचे. जुलै २०२० मध्ये केंद्राने पॉवर टिलर आणि त्याचे इंजिन, गिअर पेटी असे मुख्य भाग यांची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याखाली आणली. त्याआधी आलेले आणि विकणारी पेढी आता बंद पडलेली, असे यंत्र इंजिन कितीही गोड वाजले तरी सुट्या भागांविना उभे राहण्याचा धोका असतो.

मूळ बिल मागावे आणि त्यावरील इंजिन व चासी क्रमांक यंत्रावर कोरलेल्या क्रमांकांशी जुळवून पाहावेत. घासलेला किंवा वेल्डिंगखाली गेलेला क्रमांक म्हणजे चोरीची शक्यता. यंत्र अनुदानावर घेतलेले असेल तर मूळ लाभार्थ्याने ते ठरावीक मुदतीत विकणार नाही असे हमीपत्र दिलेले असते. मुदत संपली आहे का, हे तालुका कृषी कार्यालयात विचारता येते. गावपातळीवरील कृषी कर्मचाऱ्यांनी शेतकऱ्याला हा प्रश्न आवर्जून विचारायला लावावा. मुदतीतले यंत्र ‘नावावर नको, नुसतं वापरा’ म्हणून दिले जाते, पण उद्या तपासणी झाली तर अडचण विकणाऱ्याची आणि यंत्र गेले घेणाऱ्याचे. सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज असेल तर बेबाकी दाखला घ्यावा. विक्रीपत्रावर दोन्ही क्रमांक, रक्कम, तारीख आणि दोन साक्षीदार असावेत.

ट्रॉली जोडून रस्त्यावर न्यायचे असेल तर वेगळा विचार करावा लागतो. मोटार वाहन नियमांनुसार ट्रॉली जोडलेल्या पॉवर टिलरचा कमाल वेग ताशी २२ किलोमीटर आणि ओढण्याची मर्यादा दीड टन आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रॉलीसह उतरण्यापूर्वी नोंदणी आणि विम्याबाबत पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. मावळ तालुका त्याच कार्यालयाखाली येतो.

पहिले काही दिवस

पट्ट्याचे झाकण आणि रोटरीवरचा पत्रा जाग्यावर नसेल तर तो बसवल्याशिवाय यंत्र चालवू नये. अनेक मॉडेलमध्ये रिव्हर्स गिअर टाकल्यावर रोटरी फिरू नये अशी व्यवस्था असते. ती कोणी काढून टाकली आहे का, हे रोटरी उचलून, लोकांना दूर उभे करून पाहावे. टिलर मागे येताना पाय पात्यांत जाण्याचे अपघात या एका गोष्टीने टळतात. हँडल मारून इंजिन चालू करताना अंगठा चार बोटांच्याच बाजूला ठेवावा, पलीकडून वेढू नये. उलटा झटका बसला तर मनगट वाचते. सैल धोतर, ओढणी, पदर पट्ट्याजवळ नको.

नव्या चालकाला कोणी सहसा न सांगणारी गोष्ट उताराची आहे. उतारावरून खाली येताना यंत्राचे वजन चाकांना ढकलत असते आणि इंजिन त्यांना रोखून धरते. अशा वेळी डावी पट्टी दाबली की डावे चाक मोकळे सुटून पुढे धावते आणि टिलर उजवीकडे वळतो, सपाटीवरच्या नेमका उलटा. गडबडून माणूस पट्टी आणखी घट्ट दाबतो आणि यंत्र बांधावरून खाली जाते. म्हणून उतारावर कमी गिअर, कमी थ्रॉटल आणि वळणासाठी पट्टीऐवजी हँडलला हातानेच जोर द्यावा. एका टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना रोटरी बंद करून, फळ्या टाकून, बांधाला सरळ काटकोनात उतरावे. तिरके उतरू नये.

पहिले दोन-तीन दिवस कोरड्या सपाट जागेत, रोटरी न जोडता चालवून हात बसवावा. एक सिलिंडरच्या इंजिनाचा हादरा हातांना मुंग्या आणतो, तेव्हा तासाभराने विश्रांती घ्यावी. चिखलणीनंतर रोज संध्याकाळी चाके आणि रोटरी धुवावीत आणि सीलजवळ गुंडाळलेले गवत विळ्याने कापून हाताने काढावे. हंगाम संपताच गिअर पेटीचे तेल बदलावे. ते पुढच्या जूनवर ढकलले, तर तेलात शिरलेले पाणी आठ महिने बेअरिंगला लागून राहते.